मोगरीचं पान

आमच्या कुलसंमेलनाला मेलेली माणसंही आली, आणि ती जिवंतांपेक्षा वेळेवर आली. आम्ही कुणी एसटीने, कुणी गाड्यांनी हरवड्याला पोचलो तेव्हा ती सुपारीच्या वाडीत पाटांवर बसलेली होती. समोर केळीची पानं, भांड्यांत पाणी भरलेलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. लांबून चालत आलेली माणसं बघतात तशी ती पानाकडे बघत होती.

कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कुलमंडळाचा चिटणीस नरहर, आमच्या थोरल्या शाखेतला, नात्याने माझा पुतण्या, एवढंच म्हणाला की आता पानं कमी पडणार. त्याने केटररच्या माणसाला आणखी पानं कापून आणायला पिटाळलं.

ही पंगत मी मांडली होती. म्हणजे पाट मी ठेवले नव्हते, पण हरवडेकरांचा कुलवृत्तांत मी लिहिला होता आणि मी लिहिलं होतं त्याच क्रमाने ती बसली होती. प्रत्येक जण आपल्या बापाच्या डाव्या हाताला, आणि समोरच्या रांगेत त्यांच्या बायका. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी दुसरं काही केलं नाही. माझ्या कामात चुका असणार हे मला ठाऊक होतं, पण त्या इतक्या उघड्यावर दिसतील असं वाटलं नव्हतं. दोन चुलतभाऊ मी उलटसुलट लावले होते. ते एकमेकांच्या बापांशेजारी अवघडून बसले होते. मी समोरून गेलो तेव्हा त्यांनी मान वळवली.

रांग वाडीच्या टोकापर्यंत गेली होती. लांबचे पूर्वज लहान दिसत होते, ते ठीकच, पण मी जवळ गेलो तरी ते लहानच राहिले. मूळपुरुष रामाजीपंत अगदी टोकाला काडेपेटीएवढ्या पाटावर बसले होते. त्यांच्यापुढे तुळशीचं पान मांडलं होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी बारीक पण स्पष्ट आवाजात विचारलं, "वाढायला कधी घेणार?"

वाढायला घेता येत नव्हतं, कारण एक पाट रिकामा होता. बायकांच्या रांगेत, माझे खापरपणजोबा दामोदरपंत यांच्या समोर, त्यांच्या पत्नी आनंदीबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक पान मांडलेलं होतं, भोवती रांगोळी होती, भांड्यात पाणी होतं, आणि माणूस नव्हतं. पान मांडलं की ते भरावं लागतं. ते भरेपर्यंत भात वाढत नाहीत आणि भात वाढेपर्यंत कुणी पानावरून उठत नाही. आमच्याकडची ही जुनी पद्धत. त्या दिवशी ती नुसती पद्धत राहिली नव्हती. जिवंतही एव्हाना आपापल्या पाटांवर बसले होते. नरहरने उठायचा प्रयत्न केला तेव्हा पाट त्याच्याबरोबर उचलला गेला, त्याच्याबरोबर शेजाऱ्याचा पाट, मग त्याच्या शेजाऱ्याचा, आणि दूर टोकाला रामाजीपंत ओरडले. नरहर परत बसला.

"पद्माकरकाका," तो म्हणाला, "लिहिलंय तुम्ही. तेव्हा कोण राहिलं ते तुम्हीच बघा. पोरं रडायला लागलीत, आणि माझी साखर उतरतेय."

माझाही पाट रिकामा होता, बाबांच्या डाव्या हाताला. त्याची कुणाला अडचण वाटली नाही. मी समोर उभा दिसत होतो आणि मी अजून बसलो नाही यात नवं काही नव्हतं.

केटररच्या माणसांनी भाताची परात आणली की ती वाडीत शिरताच रिकामी होई. त्यांनी दोनदा बघितलं आणि ते टेम्पोत जाऊन बसले. मग मागच्या दाराने बायका आल्या. त्यांच्या हातांत पितळी भांडी होती आणि परातीतल्या भाताला वाफ होती. परात त्यांनी विहिरीपाशी ठेवली, आणि एकेक जण मीठ वाढायला वाकली.

पहिलीला मी नाव विचारलं. मोगरी, ती म्हणाली. दुसरीही मोगरी म्हणाली. तिसरीला विचारलं तेव्हा ती हसली आणि तिने पुढचीकडे बोट दाखवलं, म्हणजे तिलाही विचारायचं असेल तर उत्तर तेच.

कुलवृत्तांतात मोगरीला मी एक ओळ दिली होती. मोगरी, कुणबीण, म्हणजे घरासाठी विकत घेतलेली बाई. घरच्या जुन्या जमाखर्चात तिचा उल्लेख शंभराहून अधिक वर्षं येत होता. मला वाटलं होतं, दीर्घायुषी असेल. इतक्या सगळ्या बायका मी एकीत बसवल्या होत्या आणि ते मला खटकलंही नव्हतं. त्यांतली सर्वांत म्हातारी मोगरी मला समजावून सांगू लागली. तिच्या स्वरात राग नव्हता.

"नाव घरचं होतं, तपेल्यासारखं. एक गेली की दुसरी आणायचे आणि तिला ते द्यायचे. बाईसाहेबांच्या तोंडात बसलेलं असायचं ना."

विहिरीच्या काठावर यमुनाबाई भोनकर बसल्या होत्या. त्या हरवडेकर नव्हत्या. थळच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, माझ्याहून जरा लहान. माझं पुस्तक वाचून त्या आल्या होत्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले होते की आपली मूळची बाई हरवड्याच्या वाडीतली मोगरी. सकाळी मी त्यांना शोधून देतो म्हणालो होतो. नाही म्हणणं मला कधीच जमत नाही.

"सर, माझी कोणती तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "मी घेऊन जाते. बाहेर रिक्षा थांबवलीय."

मी म्हटलं, या सगळ्याच मोगरी आहेत.

"असू देत. माझी एकच असणार ना?"

सूर्य डोक्यावर आला होता आणि तिथून हलत नव्हता. प्रत्येकाची सावली त्याच्या पाटाखाली गोळा झाली होती. मी रांगेच्या मधून चालू लागलो. मधली जागा सकाळी दोन माणसं जातील एवढी होती, आता मला आडवं व्हावं लागत होतं. सुपारीची झाडंही जवळ आली असावीत. एकाचं खोड माझ्या खांद्याला घासलं, आणि तिथून मी आधी सहज गेलो होतो.

चालताना मला पानांवरचं मीठ दिसलं. सगळ्यांच्या पानावर ते डाव्या बाजूला होतं, असतं तिथेच. दामोदरपंतांचा मुलगा नारायण, म्हणजे माझे पणजोबा, यांच्या पानापासून मात्र ते उजवीकडे होतं. आजोबांच्या पानावर उजवीकडे, बाबांच्या पानावर उजवीकडे, माझ्या रिकाम्या पाटापुढच्या पानावरही उजवीकडे.

हे मला नवं नव्हतं. आमच्या घरी मीठ उजवीकडेच वाढत. साऱ्या कुळात त्याची चेष्टा होई. नरहरचे वडील प्रत्येक लग्नात म्हणायचे की यांच्याकडे मीठ इथे, तर लोणचं शोधायला शेजारी जावं लागत असेल. आईला विचारलं की ती म्हणे सासूबाईंनी असंच शिकवलं, आणि सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. मी ते एक विक्षिप्तपण समजत होतो. कुलवृत्तांतात घालावं असं काही त्यात वाटलं नव्हतं.

यमुनाबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी पानं बघितली. "आमच्याकडेही तिकडेच वाढतात," त्या म्हणाल्या. "नवरा म्हणायचा, तुम्हा लोकांना डावं-उजवं कळत नाही."

आमच्या शाखेच्या पानांवर एकच मोगरी वाढत होती. किडकिडीत, कानाची एक पाळी फाटलेली. मी तिला विचारलं, मीठ उजवीकडे का.

तिने पानाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "हे डावंच आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, बसणाऱ्याच्या उजव्या हाताला आहे.

"मी समोर उभी असते. इथून हे डावं. पानावर बसून कसं दिसतं ते मला कसं ठाऊक?" मग म्हणाली, "नंतर शिकवलं मला, मारून. बाकीच्यांना नीट वाढायला लागले. पण नारायणाला लहानपणी मीच भरवलं होतं. त्याला मीठ तिकडे नसलं की जेवायचा नाही."

नारायण पणजोबा पानाकडे बघत होते. त्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या. त्यांचे कान तांबडे झाले.

मी आनंदीबाईंपुढे जाऊन बसलो. माझ्या पुस्तकात त्या नारायणाच्या आई होत्या. त्या लहान होत्या, पण रामाजीपंतांइतक्या नाही, साधारण तांब्याएवढ्या. मला विचारायला संकोच वाटत होता, म्हणून मी आधी प्रकृती विचारली. मग विचारलं, नारायण तुमचा का.

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "मला मूल झालं नाही."

मी म्हटलं, मग हे कधी कुणाला सांगितलं नाहीत.

"कुणी विचारलं नाही. तुम्हीच पहिले." त्यांनी शेजारच्या रिकाम्या पाटावरची धूळ पदराने पुसली. "ती राबायची, मी हळदीकुंकवाला बसायची. मुलगा रात्री तिच्यापाशी निजायचा. पुष्कळ वर्षं झाली. आता जेवायला मिळालं तर बरं होईल."

म्हणजे रिकामं पान कुणाचं ते मला कळलं. यमुनाबाईंनाही कळलं. मीठ दोन्ही घरी उजवीकडे, तेव्हा त्यांच्या पणजीची आई आणि माझे पणजोबा नारायण ही एकाच बाईची मुलं असणार. "मग तुम्ही माझे कोण?" त्यांनी विचारलं. नाती मी एरवी झटकन सांगतो, तेवढंच मला येतं. त्या वेळी मी बोटांवर पिढ्या मोजू लागलो.

"पदू," बाबा म्हणाले. "पान घे आणि बस."

बाबा गेले तेव्हाच्याच वयाचे होते, म्हणजे माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. मी तरीही समोर जाऊन हात बांधून उभा राहिलो. ते हयात असताना हरवडेकरांच्या कुठल्याही पंगतीत त्यांनी श्लोक म्हटल्याशिवाय कुणी घास उचलला नव्हता. त्यांचा आवाज तसा होता. एका लग्नात त्यांनी एका माणसाला पानावरून उठवून मागच्या अंगणात बसवलं होतं. त्याचा आजोबा कुणाचा, एवढंच विचारलं होतं. तो माणूस पान हातात घेऊन गेला होता आणि पानातली आमटी त्याच्या मनगटावरून ओघळत होती.

मी हळू आवाजात सांगितलं की ते पान नारायण पणजोबांच्या आईचं आहे.

"आनंदीबाई त्यांची आई. तू लिहिलंयस."

मी म्हटलं, माझी चूक झाली.

"मग चूक राहू दे. तुझी चूक काय एकच आहे?"

दूर टोकावरून रामाजीपंत काय चाललंय ते विचारत होते. नरहरने ओरडून त्यांना सांगितलं. थोडा वेळ गेला, मग तो बारीक आवाज रांगेवरून आमच्यापर्यंत आला. "लेकावळ्यांची, कुणबिणीच्या पोटच्यांची, पंगत वेगळी. मागच्या अंगणात."

नरहर माझ्याकडे बघून म्हणाला, "नियम आहे, काका. मी काय करू? पण काय ते लवकर करा."

म्हणजे गोष्ट साधी होती. ते पान भरलं तर बाबा, आजोबा, पणजोबा या रांगेतून उठणार, आणि मीही. नाही भरलं तर कुणीच जेवणार नाही, जिवंत नाही आणि मेलेले नाहीत. यमुनाबाई मोगरीला रिक्षात घालून घेऊन गेल्या तर ते पान कायमचं रिकामं राहणार. बाबांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत असताना मी प्रगतिपुस्तक दाखवायचो तेव्हा ते तसे बघत. मला त्यांना त्या लग्नातल्या माणसासारखं पाहायचं नव्हतं, मागच्या अंगणात, हातात पान घेऊन. पण मोगरी तिथे उभी होती आणि तिच्या हातातलं भांडं जड होतं. ते एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायलाही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पंगतीत मी आयुष्यात मोठ्याने काही बोललो नव्हतो. माझी पाळी आली की घसा धरल्याचं सांगत असे. आता मी बोललो ते मला वाटलं त्याहून मोठं आलं.

"ही नारायणाची आई."

पाट सरकू लागले. कुणाला उठावं लागलं नाही. पणजोबांपासून खाली आमची सगळी शाखा रांगेतून सुटी झाली आणि पाटांवर बसल्या बसल्या मागे निघाली. विहिरीला वळसा घालून, गोठ्यावरून, वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला, मागच्या अंगणात. पानं आमच्याबरोबर आली, पाणीसुद्धा सांडलं नाही. रिकामं पानही आलं आणि नव्या रांगेच्या अग्रभागी जाऊन थांबलं. बाबांनी वाटेत डोळे मिटून घेतले होते. आमच्या जागी थोरल्या शाखेची रांग जुळून आली. नरहर शेजाऱ्याला खांदा लागेल इतका चेपला गेला, आणि म्हणाला, "आता तरी वाढा."

मी मोगरीला म्हटलं, "मोगरी, पानावर बसा."

सगळ्या मोगरी आल्या. हातांतली भांडी घेऊन त्या रिकाम्या पाटाभोवती उभ्या राहिल्या, आणि एकीनेही बसायचं धाडस केलं नाही. म्हातारीने विचारलं, "कोणती?" मी फाटक्या पाळीच्या मोगरीकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली.

"अशी बोटाने नाही बसत कुणी. पानावर नावानं बोलावतात."

ते खरंच होतं. मी तिला तिचं आधीचं नाव विचारलं.

"होतं."

"काय होतं?"

"नाव नाही आठवत. हाक आठवते." ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. "मला मचव्यात घातलं तेव्हा आई काठावर होती. ती हाक मारत राहिली. मधलं पाणी वाढत गेलं तशी हाक लहान होत गेली. शेवटी जेवढी उरली तेवढी मला आठवते. तुम्ही मारा. पण जवळून नको, जवळची ओळखू यायची नाही. लांब जाऊन मारा."

मी यमुनाबाईंना म्हटलं की तुम्ही जा, माझा आवाज पोचत नाही. इतकी वर्षं ग्रंथालयात गेली.

"माझा मोठा आहे, दादा," त्या म्हणाल्या. "वॉर्डच्या टोकापर्यंत जायचा. तुमचा बारीक आहे. तुम्हीच जा. रिक्षावाल्याला मी थांबायला सांगते."

मी वाडी ओलांडली. पलीकडे केवड्याचं बन होतं, त्यातून धोतर सांभाळत पुळणीवर, समुद्राच्या वाळूत आलो. वळून बघितलं. दोन्ही पंगती झाडांमधून दिसत होत्या. आमच्या रांगेच्या टोकाला ती उभी होती, भांडं कमरेवर धरून. मी हाक मारली. साळू. तिने मान हलवली. चंदा. गोदी. भागू. मग मला जी जी नावं ठाऊक होती ती मी घेत गेलो. ग्रंथालयात असल्यामुळे ती पुष्कळ होती. आपल्या मुलखातली झाली, तेव्हा दक्षिणेकडची घेतली, मग समुद्रापलीकडची, ज्यांचा उच्चार मला नीट येत नव्हता. प्रत्येक नावानंतर मी थांबत होतो. ती ऐकायची आणि हाताने खूण करायची. आणखी मागे.

पाठीमागून भरतीचं पाणी आलं. आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना. पाठ वळवता येत नव्हती. वळलो असतो तर तिची खूण दिसली नसती. मी मागे मागे जात राहिलो आणि हाका मारत राहिलो. आता कुठे माझा आवाज पाण्यावरून जायला लागला होता. बाबांनी डोळे उघडले होते. ते पानाकडे बघत नव्हते. त्यांनी कानामागे हात धरला होता.

पाणी छातीला लागलं. नावं संपत आली होती, निदान मला तसं वाटत होतं. मी एक नाव घेतलं. तेवढ्यात तोंडात लाट आली, आणि कोणतं नाव घेतलं ते मलाच ऐकू आलं नाही.

काठावर तिने भांडं खाली ठेवलं, पण ती अजून बसली नाही. रांगेतून बाबांनी हात वर केला आणि खूण केली. आणखी मागे.